‘सिला’ : शील, शिला की बळ?

रोमन लिपीतली एस, आय, एल, ए ही चार अक्षरे ओळीने दिसली की आपल्या समाजातला वाचक ती ‘सील’ अशी वाचतो आणि त्याला पंचशील आठवते. ते स्वाभाविकच आहे. वंदनेच्या रोमन पुस्तिकेत, यूट्यूबवरच्या परित्राणपाठाखाली, श्रीलंका-थायलंडहून आलेल्या भन्तेंच्या प्रवचनाच्या फलकावर हा शब्द असाच लिहिलेला असतो. मात्र हीच चार अक्षरे फिलिपिन्समध्ये दिसली तर त्यांचा अर्थ ‘ते लोक’ असा होतो. क्रोएशियात त्यांचा अर्थ ‘बळ’ आणि ग्रीनलंडमध्ये ‘हवामान’. इटलीच्या दक्षिणेला तर या नावाचे एक जंगलमय पठारच आहे.

हे सांगायचे कारण असे की अशी चार अक्षरे पाहून आपल्याकडे फार मोठे निष्कर्ष काढले जातात. अमुक देशात आपल्यासारखा शब्द सापडला, म्हणजे तिथे एकेकाळी धम्म होता, असे सांगणाऱ्या पोस्ट सतत फिरत असतात. त्यामागची भावना आम्ही समजू शकतो. ज्या समाजाचा इतिहास पुसून टाकला गेला, तो समाज जिथे खूण दिसेल तिथे हात लावून पाहणारच. पण आपल्याकडे खरे, दगडावर कोरलेले पुरावे भरपूर आहेत. त्यांच्या शेजारी अक्षरांच्या योगायोगावर उभे केलेले दावे ठेवले, की समोरचा माणूस दोन्हींवर एकदमच हसतो. म्हणून हा एकच शब्द घेऊन तो कुठे आपला आहे आणि कुठे नाही, हे नीट पाहू.

सुरुवात घरातूनच करावी लागेल, कारण पहिला घोटाळा पालीतच आहे. पालीत ‘सील’ म्हणजे शील आणि ‘सिला’ म्हणजे शिळा, दगड. देवनागरीत फरक स्पष्ट दिसतो : एकात पहिली वेलांटी दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व आणि शेवटी काना. अभ्यासक रोमनमध्ये पाली लिहितात तेव्हा दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात. १८८१ मध्ये लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली, तिचे ग्रंथ अशाच रेघांसह छापलेले आहेत. मोबाइलवर टाइप करताना ती रेघ कोण देतो? ती गळाली की शील आणि दगड एकसारखे दिसू लागतात. ‘माला’ आणि ‘मल’ यांचेही तेच, म्हणजे हार आणि घाण. ‘मान’ आणि ‘मन’ यांचेही. धम्माच्या भाषेत मान म्हणजे अहंकार, तो सोडायचा असतो. मन सोडायचे नसते, सांभाळायचे असते. नुसत्या रोमन पुस्तिकेवरून पाठांतर करणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

हे दोन्ही शब्द सम्राट अशोकाच्या लेखांत आहेत. लुंबिनीच्या स्तंभावर, तथागतांच्या जन्मस्थळी अशोकाने स्तंभ उभारल्याची नोंद आहे आणि तिथे ‘सिलाथभे’ म्हणजे शिलास्तंभ हा शब्द आला आहे. गिरनारच्या चौथ्या शिलालेखात ‘सील’ आहे : धम्मात आणि शीलात स्थिर राहून पुढच्या पिढ्या धम्माची शिकवण देतील, आणि शील नसलेल्याकडून धम्माचरण होत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे गिरनारला शील हा शब्दच शिळेवर कोरलेला आहे. तोच लेख आजच्या पाकिस्तानात शाहबाजगढीला खरोष्ठी लिपीत आहे. खरोष्ठीत दीर्घ स्वर वेगळा दाखवतच नसत, त्यामुळे तिथे शीलाची वेलांटी ऱ्हस्वच. मोबाइलवर आज जे होते ते सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका लिपीत रीतसर होत होते. फक्त वाचणाऱ्याला भाषा येत होती, म्हणून अडत नव्हते.

महाराष्ट्रातल्या लेण्यांत ‘शिला’चे भावंड सापडते. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. त्यात या लेण्याला ‘सेलघर’ म्हटले आहे, म्हणजे शैलगृह. कान्हेरीचे जुने नाव ‘कण्हसेल’, काळा डोंगर. शिला, शैल, सेल, आणि आपली मराठी शिळा. हे नाते अक्षरे सारखी दिसतात म्हणून मानलेले नाही. संस्कृतातल्या ‘श’च्या जागी पालीत नियमाने ‘स’ येतो : शरण-सरण, शून्य-सुञ्ञ, शासन-सासन, शिक्षा-सिक्खा. असा नियम एका शब्दापुरता नसतो, शेकडो शब्दांना लागू पडतो. नात्याचा पुरावा तो. (मराठीत शिळा म्हणजे दगड आणि शिळा म्हणजे कालचा भात, हे दोन शब्द मात्र एकमेकांचे कोणी नाहीत.)

आता समुद्र ओलांडू. इंडोनेशियात हा शब्द खरोखरच आपल्याकडून गेला. १९४५ साली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १ जूनच्या भाषणात सुकार्नो यांनी नव्या राष्ट्राची पाच तत्त्वे मांडली आणि त्यांना ‘पंचसिला’ हे नाव दिले. भाषेच्या जाणकार मित्राने ते सुचवल्याचे त्यांनी तिथेच सांगितले. नाव नवीन नव्हते. १३६५ साली जावामध्ये रचलेल्या ‘नागरकृतागम’ या काव्यात पंचशीलाचा उल्लेख आहे आणि तिथला अर्थ बौद्ध परंपरेतला आहे. सुकार्नोंनी मात्र सिला म्हणजे पाया, आधार असा अर्थ सांगितला. आचरणाचा नियम होता, तो राष्ट्राचा पाया झाला. शब्द तोच, मुळातून आलेला, तरी अर्थाने घर बदलले.

या बदलाची किंमत तिथल्या बौद्धांना मोजावी लागली, आणि ती गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. इंडोनेशियाच्या पंचसिलाचे पहिले तत्त्व आहे एकमेव ईश्वरावर श्रद्धा. पुढची चार तत्त्वे म्हणजे न्याय्य आणि सुसंस्कृत मानवता, देशाची एकता, विचारविनिमयातून चालणारी लोकशाही आणि सामाजिक न्याय. ती आपल्याला परकी वाटत नाहीत. पण पहिल्याचे काय? बौद्धांचे पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, त्यात ईश्वर कुठेच नाही. १९६५ नंतर त्या देशात कम्युनिस्टांची प्रचंड कत्तल झाली आणि ईश्वर न मानणे म्हणजे जिवावर बेतणारा संशय ओढवून घेणे, अशी स्थिती आली. त्या काळात भन्ते आशिन जिनरक्खित यांनी जुन्या जावानी बौद्ध ग्रंथांच्या आधारे ‘सांग ह्यांग आदिबुद्ध’ हे परमतत्त्वाचे नाव पुढे केले आणि ईश्वराच्या रकान्यात ते बसवले. थेरवादी मंडळींनी त्याला हरकत घेतली. तो वाद अनेक वर्षे चालला. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्यासारख्यांना हे विचित्र वाटेल. मात्र तिथल्या अल्पसंख्याक बौद्धांपुढे तेव्हा कोणते पर्याय होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्यावर शेरे मारू नयेत असे आम्हाला वाटते. आज ते आपल्या पाच शीलांना वेगळे ओळखता यावे म्हणून ‘बौद्ध पंचसिला’ म्हणतात. मूळ मालकाला आपल्याच शब्दामागे विशेषण लावावे लागते!

भारतातही एक छोटा असा प्रकार आहेच. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारातल्या शांततामय सहजीवनाच्या पाच तत्त्वांना पंचशील म्हणतात. त्यामुळे एखाद्या गावातला पंचशील चौक तथागतांचा की नेहरूंचा, हे तिथल्या जुन्या माणसांनाच विचारावे लागते.

इंडोनेशियन भाषेत ‘सिला’ची आणखी दोन रूपे आहेत : मांडी घालून बसणे आणि आदराने ‘यावे, बसावे’ म्हणणे. तिथल्या शब्दकोशात या नोंदी तत्त्व या अर्थाच्या सिलापासून वेगळ्या दिल्या आहेत. मांडी घालून बसणे हा अर्थ ऐकला की ध्यान आठवते आणि लगेच धागा जोडावासा वाटतो. इथेच थांबायला शिकले पाहिजे.

शेजारच्या फिलिपिन्सचे उदाहरण जास्त बोलके आहे. तिथली टागालोग ही इंडोनेशियनची नातेवाईक, दोन्ही एकाच भाषाकुळातल्या. टागालोगमध्ये संस्कृत शब्दही आहेत : ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘आसा’ म्हणजे आशा. मग ‘सिला’ही तिकडूनच गेला असेल? नाही. टागालोगमधले ‘सिला’ हे सर्वनाम आहे, ‘ते’ किंवा ‘त्या’. सेबुआनो आणि हिलिगायनोन या तिच्या बहिणींतही ते ‘सिला’च आहे, बिकोल भाषेत ‘सिंदा’ आहे. एवढ्या भाषांत थोड्याथोड्या फरकाने पसरलेला शब्द त्यांच्या समान पूर्वज भाषेतून आलेला असतो. शिवाय सर्वनामे सहसा कोणी उसनी घेत नाही. उसनी घेतात ती देवाची, व्यापाराची, नव्या वस्तूंची नावे. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. टागालोगमध्ये अनोळखी, मानाच्या एकाच माणसाशी बोलतानाही ‘सिला’ वापरतात, जसे आपण वडीलधाऱ्या एकाच माणसाला ‘ते आले’ असे अनेकवचन लावतो. दोन समाजांनी आदर दाखवायची एकच युक्ती शोधली, कोणी कोणाकडून न शिकता.

बर्फाळ उत्तरेकडे, ग्रीनलंड आणि कॅनडातल्या इन्युइट लोकांचा ‘सिला’ सगळ्यांत व्यापक आहे. हवा, हवामान, घराबाहेरचे उघडे जग आणि माणसाची समज, एवढे सगळे त्या एका शब्दात येते. शहाण्या माणसाला कॅनडातल्या इन्युइट भाषेत ‘सिलातुयुक’ म्हणतात, ज्याच्याकडे भरपूर सिला आहे तो. प्रज्ञा आणि शील हे शब्द एका दमात उच्चारणाऱ्या आपल्याला हे ऐकून मोह होणे साहजिक आहे. पण याच कुळातल्या अलास्कातल्या युपिक भाषेत हाच शब्द ‘एल्ला’ असा आहे, तोही हवामान, जग, जाणीव याच अर्थाने. भावंडांकडे पाहिले की शील या शब्दाशी असलेले साम्य विरघळून जाते. उरते ती त्यांची स्वतःची जाण : ज्याला बाहेरचे वारे वाचता येते तोच शहाणा. हिमप्रदेशात जगणाऱ्या समाजाला हे सुचणारच. त्यासाठी त्याला आपल्याकडून काही घ्यायची गरज नव्हती. आपली खूण तिथे शोधत बसलो तर त्यांचे ज्ञान आपण त्यांच्याकडून काढून घेतो, आणि आपल्या बाबतीत इतरांनी हेच केले अशी आपली तक्रार आहे.

अरबी ‘सिला’ म्हणजे जोडणे, नाते. तो तुर्कीत गेला तेव्हा बिनटिंबाच्या आयने लिहिला जाऊ लागला आणि दूर राहिलेले, ओढ लावणारे आपले गाव असा त्याचा अर्थ झाला. उर्दूत तो मोबदला झाला. हिंदी गाण्यांतून प्रेमाचा सिला मागणारे आपण ऐकतो तो हाच. हिंदीत सिला म्हणजे शिवलेलेही. इथे तर लिपीही आपलीच आहे, तरी अर्थ वाक्यावरूनच कळतो.

याच्या उलटही घडते, आणि ते विसरले जाते. शब्द एकच, पण लिहिण्या-बोलण्यात ओळखूच येत नाही. ब्रह्मी लोक सीलला ‘थिला’ म्हणतात. तिथल्या शीलधारी स्त्रियांना ‘थिलाशिन’ म्हणतात. सिंहलीत ‘सिल्’. थाई लिपीत शेवटी ‘ल’ लिहितात, पण थाई बोलण्यात शब्दाअखेरचा ‘ल’ ‘न’ होतो, म्हणून ते ‘सिन’ म्हणतात आणि पंचशीलाला ‘सिन हा’. रोमन अक्षरांत हा ‘सिन’ लिहिला की इंग्रजी जाणणाऱ्याला तिथे ‘पाप’ दिसते. चिनी भाषांतरकारांनी शील शब्दाचा उच्चार दाखवायला जी दोन चिन्हे वापरली, त्यांचे सुटे अर्थ प्रेत आणि जाळे असे आहेत! अक्षरांवरून अर्थ काढणाऱ्याने इथे काय म्हणावे? थायलंडचा ‘सिन’ आपला सख्खा आणि मनिलाचा ‘सिला’ परका, हे डोळ्यांना कधीच दिसणार नाही. त्यासाठी शब्द कुठून कुठे गेला, कोणी नेला, जुन्या लेखात तो कसा आहे आणि आजूबाजूच्या भाषांत त्याचे काय झाले, हे विचारावे लागते. बाबासाहेबांच्या पाली शब्दकोशाचे काम शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात आहे. एवढ्या कामाच्या रगाड्यात त्यांनी शब्दांसाठी वेळ काढला. निदान पोस्ट पुढे पाठवण्याआधी तो खंड चाळायला हरकत नाही.

असे योगायोग होतात कसे, याचे उत्तर सोपे आहे. स, ल, इ, आ हे जगातल्या बहुसंख्य भाषांतले ध्वनी आहेत. दोन छोट्या अक्षरांचा शब्द बनवायला पर्याय मोजके, आणि भाषा हजारो. टक्कर होणारच. त्यात रोमन लिपी सगळ्यांना एकाच साच्यात ओतते. रशियन माणूस आपला ‘सिला’ स्वतःच्या लिपीत लिहितो. ती न वाचता येणाऱ्याला त्यात शील दिसणारच नाही.

रशियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन अशा स्लाव्ह भाषांतला हा ‘सिला’ आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. त्याचा अर्थ बळ, शक्ती, जोर; शाळेच्या भौतिकशास्त्रातही हाच शब्द. चेकमध्ये त्यातली इ दीर्घ होते. त्याच शब्दापासून क्रोएशियन आणि सर्बियनमध्ये ‘नासिल्ये’ म्हणजे हिंसा आणि ‘सिलोवान्ये’ म्हणजे बलात्कार हे शब्द बनले. आपल्याकडे जी चार अक्षरे हिंसेपासून दूर राहण्याचा संकल्प सांगतात, त्याच अक्षरांतून तिकडे हिंसेचे नाव तयार होते. नाते शून्य. पण ‘सिलोवान्ये’ची घडण पाहा : बळाने केलेले कृत्य. मराठीतला ‘बलात्कार’ अगदी तसाच घडलेला आहे. दोन्ही शब्द बोट करणाऱ्याकडे दाखवतात.

आणि आता मराठीतला आपला ‘शील’ ऐका. विहारात तो स्त्री-पुरुष सर्वांचा असतो. विहाराबाहेर पडला की तो फक्त बाईचा होतो. शील लुटले, शीलभ्रष्ट झाली, शील जपून राहा. हे पुरुषाबद्दल कोणी बोलत नाही. इंडोनेशियातही हेच झाले : तिथे ‘असुसिला’, म्हणजे सुशील नसलेले, हा शब्द बातम्यांत बहुतेक लैंगिक गैरकृत्यांसाठीच येतो. इथे लिपी एक, भाषा एक, मूळ एक, आणि तरीही दोन अर्थांत अंतर मनिलाइतकेच. वस्तीत काम करताना आम्हाला या दुसऱ्या अर्थाशी रोज झगडावे लागते. मुलीवर अत्याचार झाला की तक्रार द्यायची की नाही यावर घरात बैठक बसते, आणि बोलणे तिच्या शीलावर येते. पंचशील रोज म्हणणाऱ्या घरांतसुद्धा.

पालीतल्या अर्थाने पाहिले तर शील हा घेतलेला संकल्प आहे. शिक्षापदांतल्या ‘वेरमणी’चा अर्थ विरत होणे, स्वतःला थांबवणे. ज्याने संकल्प घेतला तोच तो मोडू शकतो. दुसरा कोणी येऊन तो मोडू शकत नाही. तिसरे शिक्षापद कामवासनेतल्या दुराचारापासून थांबायला सांगते, आणि ते सांगणे अत्याचार करणाऱ्याला आहे. त्या घटनेत शील मोडले ते त्याचे. मुलीचे मोडण्यासारखे तिथे काहीच नव्हते. तिला इजा झाली, तिच्यावर गुन्हा झाला.

म्हणून तक्रारीचा अर्ज लिहायला मदत करताना आम्ही ‘शील’, ‘अब्रू’, ‘इज्जत’ हे शब्द येऊ देत नाही. काय केले, कोणी केले, केव्हा केले, कोणत्या जबरदस्तीने केले, एवढेच लिहितो. घरची मंडळी कधी कधी आग्रह धरतात की ‘शीलभंग’ लिहा, भारदस्त वाटते. तेव्हा बाजूला बसवून त्यांना एवढेच विचारतो की रविवारी विहारात तुम्ही जे शील मागता, ते कोणाचे असते.